टायगर-१ चं मॉडेल दर वेळी ‘चुकीचं’ का निघतं आणि ते सुधारायचं कसं

टायगर-१ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला जर्मन जड रणगाडा, आणि त्याचं मॉडेल करताना प्रॉब्लेम तोच, परत परत येणारा. किट महागाचं आणलेलं असतं, दीड-दोन महिने रात्री जागून जोडलेलं असतं, एअरब्रशचं काम मस्त, चिखल मस्त, आणि मग कोणीतरी जाणकार माणूस जवळ येऊन दोन मिनिटं बघतो आणि म्हणतो की असा टायगर कधी नव्हताच. जोडणाऱ्याला कळतच नाही काय चुकलं, कारण त्याने तर सूचनापत्रकात सांगितल्याप्रमाणेच सगळं केलेलं असतं.

माझ्या दुसऱ्या टायगरच्या वेळी हेच झालं, १/३५ स्केल (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा), पुण्यात एका हॉलमध्ये मॉडेलं मांडली होती तिथे नेला होता. एक जुने मॉडेलर काका आले, वाकून नीट बघितलं आणि म्हणाले, ‘रंगवलायस छान रे. महिना कुठला?’ मला प्रश्नच कळला नाही. मी म्हणालो, ‘कुर्स्क आहे काका.’ ते म्हणाले, ‘मग जुलै त्रेचाळीस. मग हे झिमरिट कुठून आलं?’ कुर्स्क म्हणजे रशियातली रणगाड्यांची मोठी लढाई, आणि झिमरिट म्हणजे रणगाड्यावर लावायचा एक लेप. घरी येऊन पुस्तकं काढली, फोटो काढले, आणि खरंच, एकच नाही तर तीन गोष्टी त्या महिन्यात बसत नव्हत्या. तेव्हापासून मी कुठल्याही जड रणगाड्याचं किट उघडताना हाच प्रश्न आधी विचारतो, महिना कुठला, आणि माझ्या अनुभवाने सांगतो की ९० टक्के चुका तिथेच थांबतात.

आता हे का होतं, ते समजून घ्या. टायगर-१ हा कासेलच्या हेन्शेल कारखान्यात ऑगस्ट १९४२ ते ऑगस्ट १९४४ असा दोन वर्षं बनला, एकूण साधारण १,३५० च्या आत. आपण ‘अर्ली’, ‘मिड’, ‘लेट’ म्हणतो ना, ते शब्द नंतरच्या अभ्यासकांचे आणि किटवाल्यांचे आहेत, कारखान्यात असं काही नव्हतं. कारखान्यात बदल मंजूर झाला आणि नवीन पार्ट यायला लागला की लाईनवर जो टँक उभा असेल त्याला तो लागायचा, त्यामुळे एका महिन्यात टरेट (वरचा फिरता, तोफेचा भाग) बदललं, दोन महिन्यांनी हलवर (खालच्या धडावर) लेप आला, पाच महिन्यांनी चाकं बदलली, असं सगळं पुढेमागे झालं. आणि किट बनवणारे एकाच साच्यातून तीन-चार व्हर्जन काढतात, म्हणजे तुमच्या स्प्रूवर (पार्ट जोडून येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीवर) दोन प्रकारचे कपोला (टरेटवरची, कमांडरने बाहेर बघायची छोटी बुरुजी), दोन प्रकारचे दिवे, जास्तीचे पाइप सगळं असतं, डेकलशीटवर (मॉडेलवर चिकटवायच्या खुणांच्या कागदावर) पाच वेगवेगळ्या तुकड्यांचे नंबर असतात, आणि सूचनापत्रकात ‘ए किंवा बी लावा’ एवढंच लिहिलेलं असतं. नंबर एका महिन्याचा, कपोला दुसऱ्या महिन्याचा, असा घोळ इथेच सुरू होतो.

तपासायचं कसं? मी टरेटच्या वरून सुरुवात करतो. कमांडरचा कपोला उंच, डब्यासारखा, बघायला नुसत्या फटी असलेला असेल तर तो जुना, त्याला सगळे ड्रम कपोला म्हणतात. बसका, गोल, पेरिस्कोप बसवलेला असेल तर तो नवा आणि तो जुलै १९४३ पासून यायला लागला. यातून लगेच कळतं की ५ जुलै १९४३ ला कुर्स्कची लढाई सुरू झाली तेव्हा तिथे उभे असलेले टायगर आधी बनून रेल्वेने पोचलेले होते, म्हणजे ड्रम कपोलावाले. नवा कपोला लावून कुर्स्क दाखवता येत नाही, विषय संपला.

मग हलच्या आणि टरेटच्या बाजू बघा. झिमरिट म्हणजे तो खरखरीत आडव्या रेघांचा लेप, शत्रूच्या पायदळाने चुंबकी सुरुंग चिकटवू नयेत म्हणून लावलेला. बेरियम सल्फेट, डिंकासारखा बाइंडर, लाकडाचा भुसा, पिवळा रंग असं त्याचं मिश्रण. तो कारखान्यात १९४३ च्या ऑगस्टअखेर-सप्टेंबरपासून लागायला लागला आणि सप्टेंबर १९४४ मध्ये बंद करायचा हुकूम आला. टायगर-१ चं उत्पादन त्याच्या आधीच थांबलं होतं, म्हणजे सप्टेंबर ४३ नंतर कारखान्यातून निघालेला प्रत्येक टायगर-१ लेपवाला आणि त्याआधीचा बिनलेपाचा. ट्युनिशिया, कुर्स्क, लेनिनग्राडजवळचा १९४२ चा पहिला हल्ला, यातल्या कशावरही झिमरिट नाही. माझी चूक नेमकी ही होती.

चाकं तिसरी. सुरुवातीची चाकं बाहेरून रबर लावलेली, प्रत्येक बाजूला आठ ॲक्सल आणि एका ॲक्सलवर तीन चकत्या, म्हणजे एका बाजूला चोवीस. फेब्रुवारी १९४४ पासून स्टीलच्या कडेची चाकं आली, ती एका ॲक्सलवर दोनच, म्हणजे बाजूला सोळा, आणि त्याच सुमाराला मागचं आयडलर (ट्रॅक ताणून धरणारं) चाकसुद्धा ७०० मिमीवरून ६०० मिमीचं झालं. हे खूप जण विसरतात, स्टीलची चाकं लावतात आणि मागे मोठं आयडलर तसंच ठेवतात. दोन्ही स्प्रूवर असतील तर आयडलर मोजून घ्या, १/३५ ला मोठं २० मिमी आणि छोटं साधारण १७ मिमी भरतं.

या तीन खुणा जुळल्या की बाकीचे बारीक पार्ट भराभर जागेवर पडतात. टरेटच्या बाजूला तीन-तीन नळ्यांचे स्मोक डिस्चार्जर (धुराचे गोळे सोडायच्या नळ्या) असतील तर टँक जून १९४३ च्या आधीचा, त्यानंतर ते लावणं बंद झालं. टरेटच्या बाजूला स्पेअर ट्रॅकचे (चाकांवरच्या पोलादी पट्ट्याचे) तुकडे टांगलेले असतील तर १९४३ च्या वसंतानंतरचा. हलच्या छतावर दोन दिवे असतील तर साधारण ऑक्टोबर १९४३ च्या आधीचा, नंतर एकच. तोफेच्या मँटलेटवर (तोफेच्या मुळाशी असलेल्या पोलादी ढालीवर) नेम धरायच्या साईटची दोन भोकं असतील तर जुनी दुर्बीण, एकच असेल तर १९४४ च्या वसंतानंतरची. टरेटचं छत ४० मिमीचं झालं ते मार्च १९४४ ला. मागच्या बाजूचे जाड पाइपवाले फायफेल एअर फिल्टर बघितले की लोक ‘आफ्रिका’ म्हणून मोकळे होतात, पण ते रशियातल्या टायगरांवरही होते, त्यामुळे फिल्टरवरून वाळवंट ठरवू नका.

ट्रॅकचा एक मुद्दा वेगळा सांगतो कारण तो किटमध्ये फार चुकतो. टायगरला दोन ट्रॅक होते, लढाईचा ७२५ मिमी आणि रेल्वेने नेताना घालायचा अरुंद ५२० मिमी, कारण रुंद ट्रॅक घालून तो रेल्वेच्या मापात बसत नसे. अरुंद ट्रॅक घातला की सगळ्यात बाहेरची चाकं काढावी लागत. म्हणून डायोरामात (मॉडेलभोवती मांडलेल्या देखाव्यात) रेल्वे वॅगनवरचा टायगर दाखवायचा असेल तर ट्रॅक साधारण १५ मिमीचा आणि बाहेरची चाकं काढलेली, आणि लढाईतला असेल तर ट्रॅक जवळजवळ २१ मिमीचा. पट्टी लावून मोजा, किटचा ट्रॅक आणि प्रसंग जुळतोय का ते अर्ध्या मिनिटात कळतं. आणि अगदी पहिल्या काही टायगरांचे उजवे-डावे ट्रॅक एकमेकांचं आरशातलं प्रतिबिंब होते, नंतर दोन्ही बाजूंना एकच डिझाइन आलं, म्हणजे एका बाजूला ते उलटं दिसतं. लिंक-बाय-लिंक ट्रॅक जोडताना फोटो बाजूला ठेवूनच जोडा.

आता तुम्ही म्हणाल की मग एवढं पाठ केलं की झालं. नाही झालं, आणि इथे मला खूप जणांशी वाद घालावा लागलाय. वरच्या सगळ्या तारखा कारखान्याच्या आहेत, फील्डच्या नाहीत. मार खाल्लेले टँक कारखान्यात परत यायचे, दुरुस्त होताना जुन्याला नवं लागायचं. १९४५ च्या एप्रिलमध्ये उत्तर जर्मनीत ब्रिटिशांविरुद्ध लढलेल्या गट फेरमान या छोट्या तुकडीचे टायगर असेच जोडाजोडीचे होते, स्टील चाकांच्या हलवर जुन्या ड्रम कपोलाचं टरेट. तारखा बघून कोणी म्हणेल ‘हे अशक्य’, पण फोटो आहे. म्हणून माझं म्हणणं इतकंच की तारखांचा तक्ता हा तपासणीसाठी आहे, मॉडेल मात्र एका खऱ्या टँकच्या खऱ्या फोटोवरून बांधायचं. एक टँक, एक नंबर, एक महिना, एक जागा. किट उघडायच्या आधी तो फोटो समोर लावा, आणि जे फोटोत दिसतंय ते स्प्रूवर पेनने खूण करून ठेवा, जे नाही लागत ते आधीच कापून वेगळ्या डबीत टाका म्हणजे रात्री अडीच वाजता झोपेत हाताला लागणार नाही.

म्युझियममधला टँक बघून बांधणाऱ्यांसाठी एक इशारा. इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममधला टायगर १३१ सगळ्यांना माहीत आहे, ट्युनिशियात एप्रिल १९४३ मध्ये पकडलेला, ५०४ व्या जड पँझर बटालियनचा, आणि तो चालतो. बाहेरून अर्ली टायगरचा याच्याइतका चांगला संदर्भ मिळणार नाही. पण इंजिन उघडं दाखवायचं मॉडेल करत असाल तर सावध. पहिल्या २५० टायगरांत मायबाखचं एचएल २१० इंजिन होतं, २१ लिटरचं, आणि मे १९४३ पासून एचएल २३० आलं, २३ लिटरचं. १३१ चं मूळ २१० इंजिन आतलं दाखवण्यासाठी कापलेलं होतं म्हणून दुरुस्तीच्या वेळी त्यात एचएल २३० बसवलं, ते म्युझियमच्याच किंग टायगरमधलं (टायगर-१ नंतरचा, मोठा रणगाडा). म्हणजे तिथले फोटो बघून तुम्ही फेब्रुवारी ४३ च्या टँकमध्ये नंतरचं इंजिन बसवणार. संदर्भ कितीही मोठ्या जागेचा असू दे, त्यातलं कारखान्यातलं काय आणि दुरुस्तीतलं काय हे विचारायचंच.

आपल्याकडे भारतात टायगर बघायला मिळत नाही, पण नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला जमेल तेव्हा जाऊन या, तिथे चर्चिल, मटिल्डा, व्हॅलेंटाईन असे त्याच युद्धातले टँक उभे आहेत. मी तिथे तास-दीड तास नुसतं वेल्डिंग आणि ओतीव भागांचं टेक्स्चर बघत बसलो होतो. ओतीव पोलाद कसं दिसतं आणि रोल केलेली प्लेट कशी दिसते हा फरक फोटोत कळत नाही, समोर उभं राहिल्यावर लगेच कळतो. टायगरचं हल सपाट प्लेटांचं आहे आणि मँटलेट ओतीव, म्हणून मँटलेटवर पातळ पुटी ब्रशने थोपटून खरखरीत करायची आणि हलच्या प्लेटा गुळगुळीत ठेवायच्या.

रंगाचं दुखणं वेगळंच आहे. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे ट्युनिशियातला टायगर डुंकेलगेल्बमध्ये, म्हणजे त्या गडद पिवळ्यात रंगवणं, कारण बाटलीवर ‘जर्मन यलो’ लिहिलेलं असतं. तो पिवळा, रॅल ७०२८ (रॅल म्हणजे जर्मन रंगांचे ठरलेले नंबर), मूळ रंग म्हणून आला तो १८ फेब्रुवारी १९४३ च्या हुकुमाने. त्याआधी युरोपात मूळ रंग गडद राखाडी, रॅल ७०२१, आणि उष्ण प्रदेशासाठी तपकिरी छटांचे हुकूम, त्यात १९४२ च्या मार्चपासून रॅल ८०२० आणि ७०२७. म्हणून १९४२ अखेरीस ट्युनिशियात उतरलेल्या ५०१ व्या बटालियनच्या टायगरांना कारखान्याचा पिवळा असायचं कारणच नाही, तो तपकिरीकडे झुकलेला. लेनिनग्राडजवळच्या १९४२ च्या टायगरांना राखाडी. हे दोन सोडवले की ट्युनिशिया आणि रशियातली निम्मी मॉडेलं सुधारतात.

१९४३ नंतरच्या तीन रंगांत, म्हणजे पिवळ्यावर ऑलिव्ह हिरवा आणि लालसर तपकिरी, दोन पॅटर्न कधीच सारखे नसतात. हिरवा आणि तपकिरी हे पेस्टच्या रूपात तुकड्यांकडे पाठवले जायचे, तिथे ते पेट्रोलने किंवा पाण्याने पातळ करून मारायचे, त्यामुळे काही टँकांवर गडद पट्टे आणि काहींवर पुसट फवारे. एकाच कंपनीतले दोन टँक वेगळे दिसत असतील तर ते चूक नाही. मात्र ब्लॅक अँड व्हाइट फोटोवरून ‘हा पट्टा हिरवा की तपकिरी’ हे छातीठोक सांगू नका. त्या काळच्या काही फिल्म लाल रंगाला आंधळ्या होत्या, त्यावर लालसर तपकिरी जवळजवळ काळा आणि पिवळा अपेक्षेपेक्षा गडद येतो. फोटोवरून पट्ट्यांची जागा घ्या, रंग हुकुमाच्या तारखेवरून घ्या.

आतला भाग रंगवणाऱ्यांसाठी थोडक्यात, टरेटच्या आतला वरचा भाग हस्तिदंती, इंजिनच्या खोलीत लालसर प्रायमर. पांढरा शुभ्र मारू नका, तो फ्रिजसारखा दिसतो.

झिमरिट जाड होणं हीसुद्धा नेहमीची तक्रार. खरा लेप काही मिलिमीटरचा, म्हणजे १/३५ मध्ये साधारण एका केसाच्या जाडीएवढा. आपण पुटी थापून अर्धा-पाऊण मिलिमीटर करतो, म्हणजे खऱ्या टँकवर पावणेदोन ते अडीच सेंटिमीटरचा थर, आणि मग टूल्स (टँकवर बाहेर टांगलेली फावडं-कुऱ्हाडीसारखी हत्यारं) बसत नाहीत, कडा गोल होतात. पुटीत लॅकर थिनर घालून अगदी पातळ थर लावा, पंधरा मिनिटं थांबा आणि दातेरी पातीने आडव्या रेघा ओढा. रेझिनच्या तयार शीट वापरायच्या असतील तर आधी पातळ करा. लेप लावताना इंजिन डेक, चाकं, टरेटचं छत आणि टूल्सच्या खालच्या ब्रॅकेटजवळची जागा सोडायची असते हे विसरू नका, फोटोत ब्रॅकेटभोवती लेपाची कड स्पष्ट दिसते. आणि लढाईतला टँक असेल तर गोळ्या लागलेल्या ठिकाणी तो तुकड्या-तुकड्यांनी पडलेला दाखवा, खाली प्रायमर दिसतो.

गंज हा सगळ्यांचा आवडता विषय आणि सगळ्यात जास्त बिघडवणारा. ही वाहनं वर्षानुवर्षं उघड्यावर पडून राहिलेली नव्हती, बरेच टायगर काही महिन्यांतच संपले, त्यामुळे जाड पोलादाच्या प्लेटेवर नारिंगी ओघळ दाखवायचं कारण नाही. गंज एक्झॉस्टच्या पाइपवर आणि कव्हरवर, तारेच्या दोरखंडावर तपकिरी, ट्रॅकवर जिथे जमीन लागते तिथे मात्र घासून चमकणारं पोलाद. बाकी सगळी धूळ, चिखल, तेल, बुटांच्या खुणा.

दुसऱ्या जड टँकांना हीच पद्धत चालते, फक्त खुणा बदलतात. किंग टायगरचं टरेट बघा, पहिल्या ५० ला वक्र पुढचा भाग आहे ज्याला लोक पोर्शे टरेट म्हणतात (ते खरं तर क्रुपचं), नंतरच्याला सपाट. आर्देनच्या लढाईसाठी, म्हणजे डिसेंबर ४४ साठी, किंग टायगर करायचा असेल तर लेपाचा आणि बिनलेपाचा दोन्ही शक्य आहे कारण सप्टेंबरच्या आधी बनलेले तसेच चालत होते, तिथे फोटोशिवाय पुढे जाऊ नका. सोव्हिएत आयएस-२ मध्ये पुढचं हल पायरीसारखं असेल तर जुनं, सरळ उतरतं असेल तर १९४४ चं. टरेटभोवती पांढरा पट्टा आणि छतावर पांढरा क्रॉस असेल तर ते एप्रिल-मे १९४५, बर्लिनच्या वेळी विमानांनी आपलेच टँक ओळखावेत म्हणून केलेलं. ते पट्टे लावून जंगलातला १९४४ चा उन्हाळा दाखवलेली मॉडेलं मी चार-पाच तरी पाहिलीत.

आता ज्यांचं मॉडेल आधीच झालंय त्यांच्यासाठी, कारण हा भाग कोणी सांगत नाही. ते टाकून द्यायचं नसतं. आधी लिहून काढा की आपल्या टँकवर काय काय आहे, कपोला, लेप, चाकं, दिवे, आणि त्यावरून त्याचा महिना काढा, म्हणजे जे आहे तेच कुठे बसतं ते बघा. मोठ्या दुरुस्त्या करायच्या आधी सगळ्यात स्वस्त दुरुस्ती डेकलची असते. माझ्या त्या टायगरवर नवा कपोला, झिमरिट, रबरची चाकं आणि एकच दिवा होता, म्हणजे तो साधारण १९४३ च्या शेवटाचा टँक होता, फक्त मी त्याला कुर्स्कचे नंबर लावले होते. पार्टमध्ये एकही चूक नव्हती, चूक गोष्टीत होती. डेकल मॅट कोटखाली गेलेले असल्याने ते निघणार नव्हते, म्हणून २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात भिजवून हलके घासले, तेवढ्या जागेवर परत पिवळा मारला, ग्लॉस वार्निश, आणि ५०७ व्या बटालियनचे नंबर लावले, जी बटालियन मार्च १९४४ मध्ये टर्नोपोलजवळ लढली. वर थोडा पुसट झालेला पांढरा चुना, वितळत्या बर्फाचा चिखल. एक संध्याकाळ आणि एक डेकलशीट एवढंच लागलं.

कपोला चुकला असेल तर तो टरेटच्या छताला गोल बसलेला असतो, धारदार कटरने सांध्यावर हळूहळू कापला की बहुतेक वेळा सुटतो, स्पेअर डबीत दुसरा असतोच. चाकं चिकटवलेली असतील तर मात्र हात लावू नका, तिथे टँक तुटेल, त्याऐवजी त्या चाकांना शोभेल असा महिना शोधा. झिमरिट खरवडून काढायचं ठरवलंत तर टूल्स आणि फेंडर आधी काढून घ्या, नाहीतर त्यांच्या खालची कड राहते आणि पुढच्या वेळी कोणीतरी वाकून बघताना पहिली तीच दिसते. नुकताच एका मित्राचा टायगर असाच माझ्या टेबलावर आलाय, ड्रम कपोला आणि स्टीलची चाकं, त्याला वाटत होतं सगळं फेकावं लागेल. मी त्याला गट फेरमानचा फोटो काढून दाखवला आणि म्हटलं, यातल्या टँकशी लेप आणि दिवा जुळतायत का तेवढं आज रात्री बघू, मग कटर उचलू.